ओरखड्यांचा ठेका

फिल्म संग्रहालयाच्या तळमजल्यावर जुनी रिळं दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे भिंगबाई म्हणत. त्यांच्या गळ्यातल्या नाडीला सदानकदा एक भिंग लटकलेलं असायचं. डबा खातानाही ते उतरत नसे. सत्तावीस वर्षं त्यांनी फिल्मच्या कडेची फाटकी भोकं सांधली, चिकटलेली वेटोळी सोडवली, पण पडद्यावर काय चाललंय याच्याशी कधी फारसं देणंघेणं ठेवलं नाही. रीळ धड चाललं की काम संपलं.

एका सोमवारी साहेबांनी एक गंजलेला डबा पाठवला. झाकणावर चिठ्ठी होती: 'मूक. अपूर्ण.' रीळ साठ वर्षांपूर्वीचं, जेमतेम सव्वातीन मिनिटांचं.

"कडेला नुसते ओरखडेच आहेत," साहेब म्हणाले. "ती कड कापून प्रत काढा. मूळ रीळ सडायला लागलंय, ते शुक्रवारी मोडीत."

भिंगबाईंनी रीळ चढवलं. काळ्या पार्श्वभूमीवर एक लाल कागदी चौकोन आला. कडा वेड्यावाकड्या, कात्री कुठे अडखळली तेही दिसत होतं. तो दोन पावलं पुढे सरकला, समोर पिवळा अर्धगोल दिसला तसा थबकला आणि चक्क लाजून मागे झाला. अर्धगोल आपल्या पोटावर डुलू लागला. मग फिल्मवर टोकाने कोरलेल्या बारीक रेघा मुंग्यांसारख्या सैरावैरा पळाल्या. चौकोनाने उडी मारली, आपटला, उठला, आणि मध्येच सगळं तुटलं. माणूस नाही, गोष्ट नाही.

भिंगबाईंनी ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. चौथ्या वेळी त्यांच्या लक्षात आलं की आपण एकट्याच बसून हसतोय. ज्याला डोळे नाहीत, तोंड नाही, तो कागदाचा कपटा लाजतो कसा? एका चित्रात तर चौकोनावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा उमटला होता. कुणीतरी हे कपटे केसभर सरकवत साडेचार हजारांवर चित्रं घेतली होती. कशासाठी? कुणी सांगितलं होतं?

बुधवारी कड कापायची म्हणून त्यांनी भिंग लावलं आणि हात थांबला. घासून पडलेला ओरखडा रिळाच्या लांबीने धावतो, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. हे ओरखडे मात्र आडवे होते. तीन आखूड, एक रुंद. तीन आखूड, एक रुंद. आणि प्रत्येक रुंद ओरखड्यानंतर बरोबर वीस चित्रांनी चौकोन जमिनीवर आपटत होता. बोलपटात आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेलाच असते, आणि ती आपल्या चित्राच्या बरोबर तेवढीच पुढे असते.

'मूक' म्हणून बंद ठेवलेलं आवाजाचं बटण त्यांनी दाबलं.

टक-टक-टक, ढुम्. टक-टक-टक, ढुम्.

त्या जवळजवळ पळतच साहेबांकडे गेल्या.

"उंदराने कुरतडलं असेल," साहेब म्हणाले.

"उंदीर ठेका धरत नाही, साहेब."

साहेबांना हसू आलं, पण ते बधले नाहीत. "हे मुद्दाम केलंय असं करणाऱ्याने सांगायला हवं. नाहीतर मी वर काय लिहू? भिंगबाईंना आवाज ऐकू येतात?"

करणाऱ्याचा पत्ता कुठेच नव्हता. डब्याच्या तळाशी फक्त एक कागद सापडला: 'चौकोन पडताना बोट ओलं करून धरावा.' अक्षरांच्या शेपट्या ऐटीत वर उचललेल्या होत्या. हे अक्षर आपण पाहिलंय, असं भिंगबाईंना राहून राहून वाटत होतं. हात कसे धुवावेत, विहीर कशी झाकावी, असल्या सरकारी माहितीपटांच्या सुरुवातीच्या पाट्या त्यांनी वर्षानुवर्षं सांधल्या होत्या. त्यातली दोन रिळं काढून बघितली, तर त्याच शेपट्या! त्या काळी पाट्या रंगवायला एकच बाई होत्या. पेन्शन विभागातल्या कारकुनाने कपाट उपसून पत्ता काढला आणि म्हणाला, "अजून आहेत बरं का. शहाऐंशीच्या."

गुरुवारी सकाळी दार सुनेने उघडलं. काम ऐकून तिने कपाळाला हात लावला. "सिनेमा? आमच्या आईंनी? काहीतरी घोटाळा होतोय. त्यांनी घरातला एक कागद साबूत ठेवला नाही, एवढं मात्र खरं. कॅलेंडर, लग्नपत्रिका, सगळ्याचे तुकडे! तीस वर्षं मी कात्र्या लपवतेय."

खिडकीशी आजी बसल्या होत्या. कानांनी जवळपास रजाच घेतली होती, त्यामुळे भिंगबाईंनी न बोलता फोनवर चित्रं दाखवली. आजी पाहत राहिल्या. चौकोन लाजला तेव्हा त्यांच्याही ओठांचा कोपरा हलला.

"आवाज आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

भिंगबाईंनी फोन टेबलावर ठेवून आवाज वाढवला आणि आजींचा तळवा शेजारी ठेवला. लाकडातून ठेका हाताला लागला. आजींनी डोळे मिटले.

"ब्लेडने कोरलाय," त्या म्हणाल्या. "जेवणाच्या सुट्टीत. उरलेल्या फिल्मचे तुकडे जोडून, तीन वर्षं. मोठ्या साहेबांना दाखवलं, तर त्यांनी विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, अर्थ कसला, तो नाचतोय. दुसऱ्या दिवशी डबा कपाटात गेला."

"आई, घरी कधी बोलला नाहीत?" सुनेने कानाशी वाकून विचारलं.

"काय सांगू? कागद नाचवते म्हणून?"

सून आत गेली, कपाटाच्या वरच्या फळीवरून पत्र्याची एक पेटी काढून आणली आणि आजींच्या मांडीवर ठेवली. सहा कात्र्या निघाल्या.

आजींनी त्याच शेपट्यांच्या अक्षरात लिहून दिलं: 'ओरखडे माझे आहेत.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, मोडीचा कागद फाडला आणि मूळ रीळ थंड खोलीत हलवायला सांगितलं. स्वतः रीळ पाहायला मात्र ते महिन्याभराने, प्रत तयार झाल्यावर आले. दुपारची वेळ, छोट्या सभागृहात कर्मचारी, आजी आणि सून. आजींना भिंगबाईंनी मुद्दाम स्पीकरशेजारी बसवलं. अर्धगोल डुलायला लागला तसा हिशेबखात्यातला एरवी कधी न हसणारा माणूस खुदकन हसला, आणि मग सगळेच हसले. आजींना हसणं ऐकू आलं नसेल, पण त्या पडद्याकडे पाठ करून माणसांचेच चेहरे बघत होत्या.

"पण ते मध्येच का तुटतं हो?" साहेबांनी मोठ्याने विचारलं.

"फिल्म संपली," आजी म्हणाल्या. "पुढे दोघं मिळून नाचतात. कपटे आहेत घरी, पाकिटात."

साहेबांनी भिंगबाईंकडे पाहिलं. भिंगबाईंनी साहेबांकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर जुना कॅमेरा धूळ खात होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मंगळवारी दुपारी ती खोली रिकामी असते," साहेब म्हणाले. "कुणी विचारलं तर चाचणी चाललीय म्हणायचं."

पहिल्या मंगळवारी दिवे लागायलाच तासभर गेला. आजींची बोटं आता थरथरत, म्हणून कपटे सरकवायचं काम सुनेकडे आलं. भिंगबाई बटण दाबत होत्या. सुनेने अर्धगोल जरासा ढकलला.

"फार झालं," आजी म्हणाल्या. "तो धावतोय. त्याला अजून धीर आलेला नाही."

सुनेने बोट ओलं केलं, श्वास रोखला आणि अर्धगोल केसभर मागे घेतला.

"आता?"

"आता घे," आजी म्हणाल्या, आणि भिंगबाईंनी बटण दाबलं.