साहेबाचा कोट

दोघे भाऊ कापायच्या टेबलाच्या दोन टोकांना उभे राहायचे आणि बोलायचे माझ्याशी. मी त्या दुकानातला इस्त्रीवाला. सगळे मला वाफ्या म्हणतात. खरं नाव बायकोला तरी आठवतं की नाही, देव जाणे.

थोरला म्हणायचा, "वाफ्या, त्याला सांग, हे कापड धुतल्यावर आटणार."

धाकटा चार हातांवर. तो म्हणायचा, "वाफ्या, त्याला सांग, मी बहिरा नाही."

मी कुणालाच काही सांगायचो नाही. इस्त्री फिरवत राहायचो. अशी दोन वर्षं गेली.

त्यांचे वडील शिंपी होते. छावणीतल्या साहेबांचे कोट, कारखान्यातल्या कामगारांचे बॉयलर सूट, पहारेकऱ्यांचे गणवेश, सगळं त्यांच्या हातून गेलं. म्हातारपणी त्यांनी दुकान धाकट्याच्या नावावर केलं. थोरल्याला म्हणाले, "तुझा हात सोन्याचा आहे, पण तोंड उघडलंस की गिऱ्हाईक पळतं." खोटं नव्हतं ते. पण थोरला तेव्हा पन्नाशीला आला होता आणि तीस वर्षं त्या टेबलापाशी उभा होता. त्या दिवसापासून त्याने भावाशी बोलणं टाकलं.

वडील गेले तेव्हा दुकानात पँटी आखूड करण्यापलीकडे काम उरलं नव्हतं. धाकट्याने ते उभं केलं, हे त्याच्या शत्रूनेही कबूल करावं. आणि शत्रू तर आतच बसला होता. धाकट्याने पुढच्या खोलीत जुनी लाकडी कपाटं आणून ठेवली, काचेमागे वडिलांचं पायमशीन मांडलं आणि जुन्या धाटणीचे कपडे विकायला काढले. सैनिकांचे असायचे तसे गुडघ्यापर्यंतचे लोकरी कोट, मेकॅनिकची जाड सुती जाकिटं, सहा बटणांचे वेस्टकोट. कापड बेतायचे फर्मे वडिलांचेच. खाकी कागदाचे, कडा हाताळून मऊ झालेले, आतल्या खोलीत खिळ्यांना टांगलेले. ते वाचता यायचे फक्त थोरल्याला. कागदावर एक आकडा असायचा, वडील कापायचे दुसराच, आणि त्या दोन्हींतला फरक थोरल्याच्या बोटांत होता.

माल धडाधड खपायला लागला. थोरल्याचं पित्त खवळलेलंच.

"पान्याचा खिसा," तो कापता कापता पुटपुटायचा. "तिहेरी शिलाई घाल म्हणे. आणि त्यात ठेवणार काय, तर गॉगल. जन्मात कधी हात काळे केले नाहीत, आणि यांना गॅरेजवाल्याचं जाकीट हवं!"

नवेकोरे कोट धाकटा मला खरखरीत दगडाने कोपरावर घासायला लावायचा, वापरलेले दिसावेत म्हणून. घरी बायकोने माझे तळवे पाहिले आणि विचारलं, "इस्त्री सोडून भांडी घासायला लागलात का?"

हेही सगळं चाललं असतं. मध्ये तो फोटो आला.

धाकट्याला तो आईच्या पेटीत सापडला. त्यात त्यांचे वडील होते, ऐन तिशीतले. अंगात अधिकाऱ्याचा कोट, कमरेला रुंद पट्टा, एक हात कमरेवर. खरोखर देखणे दिसत होते. धाकट्याने आईला न विचारता फोटो दाराएवढा मोठा करून घेतला, फ्रेम करून पुढच्या भिंतीवर लावला आणि खाली पितळी पट्टी ठोकली: 'आमचे संस्थापक. आधी सैन्यात, मग शिलाईत.'

थोरला सकाळी आला, फोटोपुढे थबकला. त्याच्या मानेवरची शीर उडताना मला दिसली.

"वाफ्या, त्याला सांग, ते खाली काढ."

"वाफ्या, विचार, का?"

"सांग, मी सांगतोय म्हणून."

"मग त्याला विचार, दुकान कुणाचं आहे?"

आठवडाभर हेच. सकाळी दुकान उघडलं की हे, बंद करताना हे. चौथ्या दिवशी धाकट्याची बायको आली आणि मलाच म्हणाली, "तुम्ही त्यांना समजवा ना." मी म्हटलं, "वहिनी, मी फक्त सुरकुत्या काढतो."

मग एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले. पाठ ताठ, बूट आरशासारखे, हातात काठी, पण टेकायला नाही, दाखवायला. त्यांनी लोकरी कोट अंगात घातला आणि आरशापुढे खांदे हलवून पाहिले. खांदा कुठेही ओढत नव्हता. ते खूश झाले. वळले, तर समोर फोटो.

"कुठल्या पलटणीत होते हे?"

धाकटा म्हणाला, "जुनी गोष्ट आहे, सर. तेव्हा आम्ही लहान होतो."

"मी छत्तीस वर्षं नोकरी केलीय. कॉलरवरचं चिन्ह एका पलटणीचं आहे. नाव सांगा की."

"वडील फारसं बोलायचे नाहीत, सर. युद्धाबद्दल तर मुळीच नाही."

"कुठलं युद्ध?"

तेवढ्यात आतला पडदा सरकला. थोरला बाहेर आला, गळ्यात टेप, बोटांना खडू. गिऱ्हाइकासमोर यायची त्याला बंदी होती.

"कुठल्याच पलटणीत नव्हते," तो म्हणाला. "शिंपी होते. कोट एका मेजरचा होता, ट्रायलपर्यंत शिवून झालेला, बटणं राहिलेली. अंगावर कसा पडतो ते बघायला वडिलांनी घातला, आणि घातलाच आहे तर समोरच्या फोटोवाल्याकडे गेले. फोटो निघाला. बाहेर आले, तर रस्त्यात मेजर उभा."

"दादा, पुरे," धाकटा म्हणाला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तो त्याच्याशी थेट बोलला.

थोरल्याने त्याच्याकडे बघितलंही नाही. "त्याने तिथल्या तिथे कोट काढायला लावला. मग पट्टा. मग पँट, कारण तीही त्याचीच होती. भर दुपारी, सगळा बाजार बघत असताना. माझे वडील चड्डीवर रस्ता ओलांडून आले. मी सहा वर्षांचा होतो, दुकानाच्या पायरीवर उभा. मला म्हणाले, आत जा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच कोटाला त्यांनी बटणं लावून दिली. नीट, घट्ट, एकेक. हे आमचे संस्थापक."

गृहस्थांनी कोट उतरवला आणि घडी न घालता टेबलावर ठेवला.

"कोट उत्तम शिवलाय," ते म्हणाले. "तुम्हा दोघांकडून मात्र मी रुमालसुद्धा घेणार नाही." आणि गेले.

धाकटा थोरल्याकडे वळला. "मला हे कधी सांगितलं का नाहीस?"

"तू मला विचारलंस कधी? तू वाफ्याला विचारलंस."

"म्हणून परक्या माणसासमोर सांगायचं?"

"तू परक्या माणसांसाठीच लावला होतास ना?"

धाकट्याने टेबलावरची मापाची लाकडी पट्टी उचलली. मला वाटलं, मारतो आता. त्याने ती भिंतीवर फेकली. तिचे दोन तुकडे झाले. मग तो गल्ल्यापाशी जाऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत हलला नाही.

इथे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, झालं ते बरं झालं, गळू फुटलं. पण पाच दिवसांनी दुकानात आलो, तर फोटो जागेवरच होता आणि खालची पितळी पट्टी नवी. तिच्यावर सगळी हकीकत, रस्ता, मेजर, बटणं, काही काही सोडलं नव्हतं. बाजूच्या खुंटीवर आमचा तोच लोकरी कोट, आणि त्याचं नाव 'अपमान'. गिऱ्हाइकं वाचत होती आणि डोळे पुसत होती. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "हाच घे, याला अर्थ आहे."

थोरला ओरडला नाही. मला त्याचीच भीती वाटली. त्याने आत जाऊन एकेक फर्मा खिळ्यावरून काढला, सुतळीने बांधला आणि टेबलावर गठ्ठा रचला.

धाकटा पडद्यात येऊन उभा राहिला. "ते दुकानाचे आहेत."

"ने. वाचून दाखव."

"तूच सांगितलंस ना सगळ्यांसमोर? खरं हवं होतं ना तुला? मग खरं लिहिलं मी. आता काय बिघडलं?"

थोरल्याने त्याची कॉलर पकडली. मी मध्ये पडलो आणि माझ्या कानाखाली बसली. कुणाची, ते आजही माहीत नाही.

धाकट्याच्या बायकोने आईला आणलं. गुडघे गेलेले, धड चालता येत नाही, पण आली. पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून तिने फोटो बराच वेळ पाहिला. डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून मान कलती करून. खालचं मला वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं. त्या दिवशी वाचता येतं याचीच मला लाज वाटली.

"ह्यांना मीच म्हटलं होतं, घालून बघा म्हणून," ती म्हणाली. "दोन रात्री जागून शिवला होता. म्हटलं, एकदा तुमच्या अंगावर दिसू दे. फोटोवाल्याकडून नंतर मीच गुपचूप आणला. ह्यांनी मरेपर्यंत बघितला नाही. मी बघायचे."

"आई, मला माहीत नव्हतं," धाकटा म्हणाला.

"पेटी उघडताना विचारलं होतंस?" मग ती थोरल्याकडे वळली. "आणि तू. ह्यांनी तुला आत जा म्हटलं होतं ना? तरी बघत राहिलास, आणि आता गावाला दाखवलंस. काढा तो. मूळचा मला द्या, हा मोठा जाळा."

मोठा मीच मागच्या अंगणात जाळला. फ्रेम धाकट्याने ठेवून घेतली. पुढच्या आठवड्यात तिच्यात आरसा बसला.

थोरला पुन्हा आला नाही. फर्मे त्याने नेले नाहीत. धाकट्याने दुसरा कापणारा ठेवला आहे. खांदे आता थोडे ओढतात, पण घेणाऱ्यांना कळत नाही. 'अपमान' नावाचा कोट बंद झाला. तोच आता नंबराने विकला जातो. मी तिथेच आहे, पण दगड हातात धरत नाही. म्हटलं, कोपरं तुम्हीच घासा. त्यावरून धाकटा माझ्याशीही तुटक वागतो.

थोरल्याने बसगाड्या दुरुस्त करणाऱ्या कारखान्यामागे एक खोली घेतली आहे. तिथल्या लोकांचे बॉयलर सूट शिवतो आणि त्यांच्याशीही भांडतो. परवा सुट्टीच्या दिवशी मी पँट सैल करून घ्यायला गेलो होतो. तो माझ्या कमरेला टेप लावून "किती खातोस" म्हणत होता, तेवढ्यात दारात धाकटा आला. त्याला आत ये म्हटलं नाही कुणी.

"आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलंय," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला. "डॉक्टर म्हणतात, आठ दिवस कुणीतरी हवं."

"पहिले चार मी राहीन."

"घर माझं आहे."

"आई माझीही आहे. तू तेवढे दिवस दुकानात झोप."

धाकट्याने ओठ चावला. "औषधं दिवसातून सहा वेळा घालायची असतात."

"मोजता येतं मला."

"सोमवारी सात वाजता. उशीर करू नकोस."

"तूच करशील," थोरला म्हणाला आणि माझ्या पँटची शिवण उसवायला बसला.