एस्टिल कॉम्ब्सचं हसू

"नको म्हणताहेत," डेल्फिया दारातूनच म्हणाली. "आत्ताच फोन आला होता. प्रदर्शनात माझा आवाज लावू नका म्हणाले."

मर्ना टॅकेट शिडीवर उभी होती. एका हातात हातोडी, ओठांत दोन खिळे. खिळे हातात काढून ती म्हणाली, "कोण नको म्हणतंय?"

"मिस्टर एस्टिल."

मर्ना शिडीवरून उतरली, पुन्हा दोन पायऱ्या चढली, पुन्हा उतरली. ग्रंथालयातले लोक तिच्याबद्दल म्हणत, की मर्नाची खुर्ची फक्त तिच्या कोटासाठी आहे. तिला कधी बसलेली कुणी पाहिलं नव्हतं. आज तर बसण्याचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं.

केंटकीच्या डोंगरातलं हे छोटं विद्यापीठ. इथे ग्रंथालयात काम करणारी मुलं म्हणजे पुस्तकांच्या गाड्या ढकलणारी मुलं, असंच वर्षानुवर्षं चालत आलेलं. मर्नानं हट्टानं इंटर्नशिप सुरू केली. एकेका विभागाचे उंबरे झिजवले, प्राध्यापकांशी भांडली. "हमाली शिकायला मुलं विद्यापीठात कशाला यायला हवीत?" असं तिनं भर बैठकीत विचारलं होतं. तिची मुलं डोंगरातल्या घळींमधल्या वस्त्यांवर जात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या आठवणी रेकॉर्ड करत, आणि सत्राच्या शेवटी त्यातून स्वतःचं प्रदर्शन उभं करत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक काम, आणि ते ज्याचं त्याचं.

यंदा विषय होता दोन वर्षांपूर्वीचा पूर. डेल्फिया स्लोन ही शेवटच्या वर्षाची मुलगी, बोलायला कमी, पण तिच्यापुढे लोक मोकळे होत. एस्टिल कॉम्ब्स हा निवृत्त खाणकामगारही तसाच मोकळा झाला. पुराच्या रात्री तो छपरावर बसला होता, आणि अंधारातून एक मोठी फ्रीझरची पेटी तरंगत आली. पेटीवर त्याचाच कोंबडा उभा. "मिरवणुकीतल्या महापौरासारखा! इकडे बघतोय, तिकडे बघतोय!" असं सांगताना एस्टिल जो हसत सुटला होता, की ऐकणाराही हसल्याशिवाय राहत नसे. लेक्सिंग्टनच्या एका श्रीमंत बाईंनी वसंताच्या सुरुवातीला ते ऐकलं आणि इंटर्नशिपला कायमचा आधार देण्याची भाषा केली. आज त्या तेच ऐकायला येणार होत्या.

ग्रंथालयाचे डीन पिकरिंग यांना मर्नानं गाठलं, तेव्हा ते टाय बांधत होते.

"त्यानं संमतीपत्रावर सही केलीय ना? मग संपलं."

"तसं नाही ते."

"मर्ना, नीट ऐक. बाई खूश झाल्या, तर तुझी इंटर्नशिप तुझी. नाहीतर पुढच्या सत्रापासून मुलं खाली देवघेवीच्या काउंटरवर. दोन कारकून निवृत्त झालेत, ठाऊक आहे ना तुला? माझ्याकडे माणसं नाहीत."

"मी समजावते म्हाताऱ्याला," मर्ना म्हणाली. "दुपारपर्यंत आणते हो म्हणवून."

गाडीत तिची बोटं स्टिअरिंगवर ताल धरत होती. रेडिओ लावला, बंद केला, परत लावला. डेल्फिया खिडकीबाहेर बघत होती. ओढ्याकाठच्या झाडांच्या उंच फांद्यांवर अजून प्लॅस्टिकच्या चिंध्या अडकलेल्या होत्या.

"मिस मर्ना," ती न वळताच म्हणाली, "पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत. आवाज ज्याचा, त्याचा."

"सांगितलं होतं ना. पण पहिल्या दिवशी सगळं सोपंच असतं, पोरी."

एस्टिल ओसरीवर बसून लावणीसाठी कांद्याची रोपं निवडत होता. दोघींना पाहून त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

"एवढ्या लांब कशाला आलात? पोरीला सांगितलं होतं मी फोनवर."

"तुमच्या तोंडून ऐकावं म्हटलं," मर्ना म्हणाली. "सगळ्यांत सुंदर तुमचंच झालंय. लोकांना आवडतंय. हसतात लोक."

"तेच तर." त्यानं एक रोप उचललं आणि उगाच फिरवत बसला. "मी हसलोय त्यात. कोंबडा माझा होता हो, पण पेटी कुणाची होती ठाऊक आहे? व्हर्सीची. ही शेजारची. पेटी बघूनच ओळखली मी. पण पेटी वाहत आली म्हणजे घर फुटलं, हे डोक्यातच आलं नाही. तिचा नवरा आणि बहीण तिकडे पाण्यात, आणि मी इकडे छपरावर खिदळतोय. दोन वर्षं तिच्या हातचं खातोय मी. चर्चमध्ये शेजारी बसतोय. आता तिनं तुमच्या भिंतीजवळ उभं राहून ते ऐकायचं?"

डेल्फिया मान खाली घालून उभी होती. मर्नाला गप्प राहवेना. नेमकी त्याच वेळी कुंपणाकडून एक सडपातळ म्हातारी येताना दिसली. हातात कापडानं झाकलेला मक्याचा पाव. व्हर्सीच ती.

"पाहुणे आलेत होय? सांगायचंस की. अजून एक भाजला असता."

"व्हर्सी," मर्नाच्या तोंडून निघूनच गेलं, "एस्टिलनं पुराची गोष्ट सांगितलीय आम्हाला. तुमच्या फ्रीझरची. ते सांगताना हसलेत ते. लोकांनी ऐकलं तर तुमची हरकत नाही ना?"

एस्टिल उठला. घरात गेला. जाळीचं दार त्याच्यामागे आपटलं.

आपण काय करून बसलो हे मर्नाला दार आपटल्यावर कळलं.

"माफ करा," डेल्फिया पुढे झाली. "हे विचारायला नको होतं आम्ही. ते आम्ही लावणार नाही. ठरलंय ते."

कुणी ठरवलं, असं मर्नानं विचारलं नाही.

व्हर्सीनं पाव कठड्यावर ठेवला. हात पुसले. जाळीच्या दाराकडे बघत म्हणाली, "म्हणजे तू होतास होय रे तो?"

ती दाराच्या आणखी जवळ गेली.

"मी झाडाला धरून होते. माझा एरल सुटला होता हातून. बहीण कधीच गेली होती. मला वाटलं, अख्ख्या घळीत मीच उरले, तर आता धरून तरी कशाला ठेवायचं? आणि अंधारातून कुणीतरी हसलेलं ऐकू आलं. म्हटलं, मला वेड लागलं. मग म्हटलं, वेड लागलेलं का असेना, कुणीतरी आहे. मग सकाळपर्यंत धरून राहिले."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मर्नाचा हात आपोआप खांद्यावरच्या पिशवीत गेला. पिशवीत रेकॉर्डर होता. इतक्या वर्षांत असं काही तिनं ऐकलं नव्हतं. हे एवढंच पुन्हा सांगायला लावलं असतं, तर प्रदर्शन वाचलं असतं, इंटर्नशिप वाचली असती, आणि लेक्सिंग्टनच्या बाई रडत रडत घरी गेल्या असत्या. तिची बोटं बटणावर होती. डेल्फिया तिच्याकडे बघत होती. रागानं नाही. आता मिस मर्ना काय करतात, एवढंच बघत होती.

मर्नानं हात रिकामाच बाहेर काढला.

"हे तुमच्या भिंतीवर नको हं, बाई," व्हर्सी म्हणाली. "हे आमचं आमच्यात राहू दे."

"हो," मर्ना म्हणाली. आणि मग, फार प्रयत्नानं, पुढे काहीच बोलली नाही.

परतताना गाडीत रेडिओ लागला नाही. गावात शिरता शिरता मर्ना म्हणाली, "मी तिला विचारलं, ते फार वाईट झालं."

"हो," डेल्फिया म्हणाली. मग तिनं विचारलं, "इंटर्नशिप जाईल का?"

"जाईल बहुतेक."

"मग तुम्ही काय करणार?"

"मला काय ठाऊक? एवढ्या लवकर काय विचारतेस!" दोघींना हसू आलं, आणि लगेच ओसरलंही.

संध्याकाळी लेक्सिंग्टनच्या बाई आल्या, सगळीकडे फिरल्या. "आणि आपला कोंबडेवाला कुठंय?"

पिकरिंगनी मर्नाकडे पाहिलं. मर्ना तोंड उघडणार, तेवढ्यात डेल्फिया म्हणाली, "त्यांनी त्यांचं परत घेतलं, मॅम." आणि बाईंच्या नजरेला नजर देऊन उभी राहिली. बाई "अस्सं" म्हणाल्या, एक ग्लास सरबत प्यायल्या आणि लांबचा रस्ता आहे म्हणत निघाल्या. पुढे त्यांच्याकडून काही कळलं नाही.

डेल्फिया पदवी घेऊन शेजारच्या परगण्यात नोकरीला लागली. उन्हाळ्यात पिकरिंगनी मर्नाला बोलावून सांगितलं, की इंटर्नशिप चालूच राहील, नाव तेच, पर्यवेक्षक तीच, फक्त जागा काउंटरची. नाही म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. रात्रभर घरात येरझाऱ्या घालून सकाळी ती हो म्हणाली. मुलं तर येणारच होती. कुणाच्या तरी हाताखाली येणार होती.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात काउंटरमागे तीन मुलं उभी होती. गळ्यात पट्टे, त्यावर 'इंटर्न'. पुस्तक घ्यायचं, यंत्राखाली धरायचं, बीप झालं की बाजूला ठेवायचं. रांग दारापर्यंत गेली होती. मर्ना त्यांच्या मागून इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होती.

गावातला एक म्हातारा पुढे आला. त्यानं मोठ्या टाइपातल्या कादंबऱ्यांची चळत ठेवली. केझिया नावाच्या मुलीनं वरचं पुस्तक उचललं.

"बायकोनं नेली होती," म्हातारा म्हणाला.

बीप.

"ही तिसरी अर्धीच राहिली तिची, शेवटची."

बीप. केझियानं वर पाहिलं नाही. हात चांगला बसला होता तिचा.

मर्ना खाली वाकली आणि यंत्राची पिन भिंतीतून उपटली.

"मिस मर्ना, हे बंद पडलं!"

"असू दे."

रांगेत मागे कुणीतरी सुस्कारा टाकला. केझियानं बटण दोनदा दाबून पाहिलं. मग करण्यासारखं काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. तिसरं पुस्तक अजून तिच्या हातात होतं.

"कुठपर्यंत आल्या होत्या त्या?" तिनं विचारलं.

म्हाताऱ्यानं टोपी काढून काउंटरवर ठेवली, तिच्या हातातून पुस्तक घेतलं, आणि तो पान शोधू लागला.