न आठवणारं दुखणं

दुर्बिणीच्या खोलीत सिस्टरला अकरा वर्षं झाली होती. तपासणी मोठ्या आतड्याची. लांब लवचिक नळी, टोकाला कॅमेरा, आणि ती कुठून आत जाते ते सांगायला नको. पेशंट डाव्या कुशीवर, डॉक्टरांची नजर पडद्यावर, सिस्टरचा एक हात पेशंटच्या पोटावर आणि दुसरा त्याच्या मुठीत. नळी वळणावर अडली की पोट बाहेरून दाबायचं, ऑक्सिजनचा आकडा बघायचा, आणि "झालं, झालं, संपलंच" म्हणत राहायचं.

सुईतून जे औषध देतात ते दोन कामं करतं. एक म्हणजे गुंगी आणतं, आणि दुसरं, त्या वेळचं सगळं डोक्यातून पुसून टाकतं. बहुतेक लोक निवांत घोरत पडतात. पण दहात एखादा असा निघतो की गुंगी अर्धवट आणि पुसणं मात्र शंभर टक्के. हा माणूस ओरडतो, रडतो, डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि अर्ध्या तासाने चहात बिस्किट बुडवत विचारतो, "सुरू कधी करणार?" एका बँक मॅनेजरने आत अशा शिव्या घातल्या की सिस्टरचे कान तापले. बाहेर आल्यावर त्यानेच डॉक्टरांचे हात हातात घेतले, "सर, तुमच्या हाताला जादू आहे." सगळे तोंड फिरवून हसले. सिस्टरही हसली. कशाला खोटं बोला, हसू येतंच.

"जे आठवत नाही ते झालंच नाही," असं डॉक्टर म्हणायचे. माणूस भला, हात हलका. सिस्टरला ते पटायचं, म्हणजे तिने पटवून घेतलं होतं. दिवसाला नऊ पेशंट असताना दुसरं काय करणार? फक्त घरी जाताना कधीकधी तिच्या मनात यायचं की चहा प्यायला उठला तो खुशीत गेला, पण मघाशी ओरडत होता त्याचं काय? त्याला कोणी सॉरीसुद्धा म्हणालं नव्हतं. मग भाजी घ्यायची आठवण व्हायची आणि विषय तिथेच राहायचा.

मग आईचा नंबर लागला. आई एकाहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले होते, आणि गिऱ्हाइकाला "तुम्ही जाड झालात" असं तोंडावर सांगून पुढचं कापडही त्याच्याकडूनच घेतलं होतं. दोन महिने रक्त जात होतं ते मात्र हिने लेकीपासून लपवलं. डॉक्टर म्हणाले, आत गाठ आहे का ते बघायलाच हवं, आणि शेवटच्या टोकापर्यंत बघायला हवं.

आदल्या दिवशी आई पोट साफ करायच्या औषधाचा जग पुढ्यात घेऊन बसली होती. चव घेऊन तिने जगाकडे असं बघितलं जसं काही त्यानेच तिचा अपमान केलाय.

"दुखेल का गं?"

"तुला काही आठवणार नाही, आई."

"ते नाही विचारलं मी. दुखेल का?"

सिस्टर हे वाक्य रोज नऊ जणांना ऐकवत होती. आजवर कोणी असं पकडलं नव्हतं.

"नाही दुखणार," ती म्हणाली, आणि ग्लास भरून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, तुम्ही बाहेर थांबा, आपल्या माणसाच्या वेळी नको. ती ऐकेना. पहिलं वळण नीट पार पडलं. दुसऱ्या वळणावर नळी अडली आणि आईने डोळे उघडले. ती आधी कण्हली, मग लेकीच्या मनगटात नखं रुतवून ओरडली, "थांबव! ए, थांबव ना! दुखणार नाही म्हणाली होतीस तू!"

"औषध वाढवायचं?" सिस्टरने विचारलं. पण ऑक्सिजनचा आकडा अठ्ठ्याऐंशीवर आला होता, आणि आईच्या हृदयाचा भरवसा नव्हता. वाढवता येणार नव्हतं.

"दोन मिनिटं, सिस्टर. त्यांना आठवणारही नाही."

"मग आत्ता ओरडतंय कोण, सर?"

डॉक्टरांनी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली. "अर्धं राहील. पुन्हा तो जग, पुन्हा उपास. आणि पुढे काही असलं तर?"

सिस्टरला ते सगळं कळत होतं. अशा शेकडो पेशंटना तिने "झालं, झालं" म्हणत दाबून धरलं होतं, हेही कळत होतं. "थांबवा," ती म्हणाली.

अर्ध्या तासाने आई चहा पीत होती. "झालं पण? अगं, काही कळलंच नाही! उगाच धसका घेतला मी."

अर्धंच झालंय हे सांगितल्यावर तिचा पारा चढला.

"मला काही कळत नव्हतं तर थांबवलंस कशाला?"

"तूच म्हणालीस थांबव."

"मी? मी कशाला म्हणीन? तो जग पुन्हा प्यायला मला वेड लागलंय?"

सिस्टरने बाही वर केली. मनगटावर चार लाल खुणा होत्या. आईने त्यांवर एकेक बोट ठेवून बघितलं. बोटं बरोबर बसली.

"रडले का गं?"

"हो."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणालीस, तू दुखणार नाही म्हणाली होतीस."

चहा तसाच राहिला. रिक्षात आई एक अक्षर बोलली नाही. तिचा अबोला सिस्टरला शिव्यांपेक्षा जड गेला. आपण आईशी खोटं बोललो, आणि ज्या आईने ते पकडलं ती अर्ध्या तासात पुसली गेली, आता माफी मागायची तरी कोणाची, असं तिला झालं.

आठवड्याने पुन्हा तारीख मिळाली, आदल्या दिवशी पुन्हा तो जग पुढ्यात आला. सिस्टर म्हणाली, "या वेळी आधीच लिहून देतेस का, काही बोललीस तरी थांबवू नका म्हणून? डॉक्टर विचारत होते."

"लिहून मी द्यायचं आणि सोसायचं त्या बाईने?" आई म्हणाली. "बरी की गं मी! स्वतः चहा प्यायला हजर, आणि दुखायच्या वेळी तिला पुढे करायची."

"अगं, ती म्हणजे तूच ना."

"असेल. पण मला विचारून दुखलं तर ते मला आठवायला नको का? ते पुसायचं औषध नको मला. नुसती चालते ना तपासणी?"

"चालते. काही लोक करतात. पण दुखेल, आई. बऱ्यापैकी दुखेल."

"आता कसं सरळ बोललीस," आई म्हणाली आणि जग पुढे ओढला.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, पण तयार झाले. आई टक्क जागी. पहिल्या वळणावर ती म्हणाली, "जरा हळू, शिवणाचं मशीन चालवताय का?" दुसऱ्या वळणावर तिने ओठ चावला आणि ओरडली, "थांबा!" डॉक्टरांचा हात तिथल्या तिथे थांबला. नळीतून आतड्यात भरलेली थोडी हवा काढून घेतली. खोलीत कोणी "झालं, झालं" म्हणालं नाही. आई घामाघूम, डोळ्यांतून पाणी, दहा-बारा श्वास घेतले. "हं. चला आता." असं ती चार वेळा थांबली आणि चार वेळा "चला" म्हणाली. शेवटच्या टोकाला करंगळीच्या पेराएवढी गाठ सापडली. डॉक्टरांनी तिथेच काढली. अजून वर्षभर राहिली असती तर वाईट झालं असतं, असं ते म्हणाले.

संध्याकाळी सिस्टर स्वयंपाकघरात वरण फोडणीला टाकत होती. बाहेरच्या खोलीत आईने मावशीला फोन लावला होता, आणि तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.

"दुखलं म्हणजे काय, जीव जायचा राहिला! पहिल्या वळणाला कमी, दुसऱ्याला विचारू नकोस. चारदा थांबवलं मी त्यांना. डॉक्टर गुणी हो, थांबले. आणि ही आमची बया, अकरा वर्षं हेच काम करते, माझा हात धरून ढसाढसा रडत होती! नाक माझ्या चादरीला पुसलंन. मीच म्हटलं, रडू नकोस बाई, संपत आलंय."

सिस्टरचा हात कढईवर थांबला. आपण रडलो, हे तिच्या लक्षातच नव्हतं.