खाताना मनात काय होतं

माझी बायको शालन गेली त्या मंगळवारी फोन आला तेव्हा मी मार्केटात जेवत होतो. साडेअकरा वाजले होते. सकाळच्या गाड्या खाली करून झाल्या होत्या. डब्यात तीन भाकऱ्या आणि वांग्याचं कालवण होतं. शालन पावणे गावात मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगला होती. तिच्याबरोबर काम करणारी शर्मिला बोलत होती. "दादा, वहिनींना चक्कर आली. दवाखान्यात नेतोय. तुम्ही या."

मी हो म्हणालो आणि उरलेली दीड भाकरी खाल्ली. डब्यात उरलेलं घरी आणलं की शालन बोलायची. चक्कर तिला आधीही यायची, उपासाच्या दिवशी. मी हात धुतले, डबा धुतला, रिक्षा केली. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं झाली. हृदय बंद पडलं होतं.

घणसोली गावातल्या आमच्या खोलीत त्या दिवशी गॅस पेटवायचा नव्हता. शेजारच्या सखूवहिनींनी कडू घास आणला, पिठलं आणि भाकरी. त्यातले एक-दोन घास नावाला खायचे असतात. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सखूवहिनी म्हणाल्या, "खाऊ द्या. धक्का बसलाय त्यांना."

तेव्हापासून मी खातच सुटलो. शालन दोन पेले पीठ घ्यायची. मीही तेवढंच घ्यायचो, कारण मला तेवढंच माप माहीत होतं. दोघांच्या भाकऱ्या व्हायच्या. टाकवायच्या नाहीत, म्हणून सगळ्या खायचो. मार्केटात वर वडापाव असायचाच. आमच्या टोळीचा मुकादम हौसेराव एकदा म्हणाला, "कोंडिबा, वजन पोत्याचं उचलायचं असतंय, पोटाचं न्हाई." सगळे हसले. मीही हसलो आणि आणखी एक वडापाव घेतला.

मग पायाच्या अंगठ्यात खिळा घुसला. दोन महिने जखम भरेना. साखर तीनशे चाळीस निघाली. डॉक्टर म्हणाले, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. अंगठा नसेल तर पाठीवर पोतं घेऊन फळीवरून गाडीत चढता येत नाही. मला दुसरं काम येत नाही.

आरोग्य केंद्रात आहाराच्या मॅडम आहेत. त्यांनी एक वही दिली. तिच्यात चार रकाने आखले. किती वाजता, काय खाल्लं, भूक होती का, खाताना मनात काय होतं.

"काका, काय खायचं नाही ते मी आज सांगत नाही. आधी लिहा फक्त."

मी लिहिलं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक 'नाही' आलं. भूक मला सकाळी लागते आणि संध्याकाळी सातला. बाकीचं खाणं वेळा बघून कळलं. फोन वाजला की मी खात होतो. कुणाचाही फोन असो, बोलणं संपलं की हात डब्याकडे.

माझी मुलगी मोनाली दिघ्याहून रविवारी येते. तिने वही पाहिली.

"अण्णा, चौथा रकाना कोरा का?"

"सुचत नाही."

"'आईची आठवण' एवढं तरी लिहायचं."

"आठवण नव्हती येत."

ती उठली आणि भांडी घासायला बसली.

मॅडमना फोनचं सांगितलं. त्या म्हणाल्या, फोन वाजला की डबा बंद करून लांब ठेवा, पाणी प्या, चार पावलं चाला. पहिल्या दिवशी जमलं नाही. मग हौसेरावला सांगितलं, फोन आला की माझा डबा उचल.

"आन् मीच खाल्ला तर?"

"खा."

त्याने खाल्ला नाही. फोन वाजला की डबा मांडीखाली धरून बसतो, बाकीचे त्याला कोंबडी म्हणतात. घरी मी आता एकच पेला पीठ घेतो. साखर दोनशे दहावर आली आहे. जखमेच्या कडा सुकल्या आहेत. पण मागच्या गुरुवारी घरी असताना मोनालीचा फोन आला आणि मी अर्धा किलो फरसाण संपवलं. तेही लिहिलं.

मॅडमनी बोट चौथ्या रकान्यावर ठेवलं. "हे रिकामं राहिलं तर पुन्हा असंच होणार, काका."

काल मी तो रकाना भरला. गुरुवारच्या पुढे लिहिलं, फोन आल्यावर दीड भाकरी संपवली, मग निघालो. मॅडमना ते गुरुवारचं वाटेल. मोनालीला तसं वाटणार नाही. तिला शर्मिलाने फोनची वेळ सांगितलेली आहे, आणि मी उशिरा का पोचलो हे तिने मला कधी विचारलेलं नाही.

परवा रविवार आहे. वही टेबलावर ठेवली आहे. तिला तोंडाने सांगायचं अजून राहिलं आहे.