भेगांचा देव

मी कोकमतेलाचा गोळा बोलतोय. म्हणजे उरलोय तेवढा पुटपुटतोय. अंगठ्याएवढा राहिलोय आणि खरं सांगायचं तर फार थकलोय.

माझा जन्म घाटाखालचा. कोकमाच्या बिया कुटल्या, पाण्यात उकळल्या, वर आलेला तवंग निवू दिला आणि एका बाईनं मुठीत दाबून मला अंड्याचा आकार दिला. फेरीवाल्या इब्राहिमभाईंनी डोक्यावरच्या पाटीतून मला मावळात आणलं. लोहगडवाडीच्या धोंडाबाईनं तांदूळ देऊन मला घेतलं.

तेव्हापासून माझ्या नशिबी टाचाच. चुलीपाशी शेकायचं, भेगांत घासायचं, पुन्हा शिंक्यात ठेवायचं. माणसं तोंड आरशात हौसेनं बघतात. टाचेकडे मात्र ती दुखल्याशिवाय कुणी बघत नाही.

पुण्याच्या गाडीला विजेचं इंजिन लागलं, त्या वर्षी धोंडाबाईला सून आली, तिचं नाव बया. ती शिरूरकडची, कोरड्या मुलखातली. कोकमतेल तिनं कधी पाहिलेलं नव्हतं. लग्नानंतर लगेच धोंडाबाई लेकीच्या बाळंतपणाला वराळ्याला गेली आणि जाताना घाईत मला भिंतीतल्या देवळीत, खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवून गेली.

दुसऱ्या सकाळी बयेनं मला अंघोळ घातली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. सासरचा कुणी देव असेल, असं तिला वाटलं! मला बरं वाटलं. पहिल्यांदाच कुणी मला घासत नव्हतं.

पण बया रोज मोळी घेऊन अनवाणी मळवलीला जायची. फाल्गुनात तिच्या टाचा उलल्या, रक्त येऊ लागलं. नवरा खंडाळ्याला रेल्वेच्या गँगवर, आठवड्यानं यायचा. त्याला सांगायची लाज. मग ती माझ्यापुढंच हात जोडायची.

"देवा, येवढं पाय बरं कर. आत्याबाई यायच्या आत कर. न्हाईतर म्हनतील, लंगडी सून आनली."

औषध मीच आणि नवस मलाच! मला हात असते तर कपाळ बडवून घेतलं असतं.

चैत्रात धोंडाबाई परतली, ती ऐन दुपारी. वर तापलेलं छप्पर, खाली चूल. मी मऊ होऊन एका अंगाला कललो आणि कुंकवाचा ओघळ भिंतीवर आला.

"आत्याबाई, देव इरघळला!" बया रडायलाच लागली. "माझ्या हातनं काय चुकलं वं?"

"अगं येडे, त्यो कुटला देव? भेगांचं त्याल हाय ते!"

धोंडाबाई पोट धरून हसली. हसता हसता तिची नजर सारवलेल्या जमिनीवर गेली. चुलीपासून देवळीपर्यंत बयेच्या टाचांचे रक्ताचे डाग होते. तिचं हसू थांबलं.

"हितं बस." तिनं सुनेचा पाय आपल्या मांडीवर ओढला.

"आत्याबाई, माझा पाय तुमच्या मांडीवर..."

"गप. लय दुखतंय?"

"व्हय," बया म्हणाली आणि हुंदके देऊन रडली.

आता दोघींच्या टाचा माझ्या जिवावर आहेत. पावसाळ्यापर्यंत काही मी उरत नाही. माझं एकच मागणं आहे: घरात कुणी लंगडलं, तर आधी त्याच्या पायांकडे बघा.

देवपण गेलं त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यात मुरलेलं ते कुंकू अजून निघालेलं नाही. धोंडाबाई मला सुनेच्या टाचेवर घासते, तेव्हा टाच जराशी तांबूस होते, कुंकू वाहिलेल्या पावलासारखी. आणि ती पुसायची सोडून धोंडाबाई नुसती बघत बसते.