लाल रेघेपर्यंत

काकांनी नव्या खोक्यातला टॉर्चचा एक सेल उचलला, तळहातावर दोनदा तोलला आणि टेबलाखालच्या डब्यात टाकून दिला. दुसराही तसाच हलका. तिसऱ्याच्या वेष्टनावर इतका मोठा आकडा छापला होता, की तो खरा असता तर एका सेलवर बोगद्यात आठवडाभर उजेड राहिला असता.

"वेष्टनावर काय, काहीही लिहावं," ते पुटपुटले. "मीही लिहीन कपाळावर, वय वर्षं पंचवीस."

एरवी या विनोदाला हसणारं कुणीतरी समोर असायचं. आज दारात साहेब उभे होते आणि त्यांच्या हातात कागद होता.

"काका, तुमची तेवढी सही राहिलीय."

काकांनी हात पुसले, चष्मा लावला. कागद अपघाताच्या चौकशीचा होता. धरणाचं पाणी डोंगरापलीकडे नेणारा बोगदा वर्षातून एकदा कोरडा करून तपासतात. त्या तपासणीत तीन आठवड्यांपूर्वी एक माणूस गेला होता. कागदावर त्याच्या नावापुढे लिहिलं होतं : हातात पूर्ण भरलेली, चालू टॉर्च असताना निष्काळजीपणे चालल्यामुळे गाळाच्या खड्ड्यात पडून मृत्यू. खाली रेघ. रेघेखाली : टॉर्च देणाऱ्याची सही.

"पूर्ण भरलेली," काका म्हणाले.

"मग काय अर्धी दिली होती तुम्ही?" साहेब हसले, पण हसू ओठांपलीकडे गेलं नाही. "टॉर्च खड्ड्यातल्या पाण्यात सापडली. पाण्यानं विझली. सरळ आहे. उगाच फाटे फुटले तर तुमच्यावरही येईल आणि त्याला एकटं पाठवलं म्हणून माझ्यावरही. बारापर्यंत द्या, वर पाठवायचाय. आणि हो, त्याची बायको येणार आहे सामान न्यायला. जपून बोला."

साहेब गेले. काका कागद समोर ठेवून बसून राहिले.

बावीस वर्षं ते या खोलीत होते. बोगद्याच्या तोंडाशी पत्र्याची एक खोली, एक खिडकी, भिंतीला फळ्या, फळ्यांवर टॉर्च आणि मध्ये सेल भरायचा चार्जर, काट्याच्या मीटरचा. मीटरच्या काचेवर, काटा जिथं पूर्ण भरल्याचं सांगतो त्याच्या पाव हिस्सा अलीकडे, काकांनी स्वतःच्या हाताने एक लाल रेघ ओढली होती. काटा त्या रेघेला लागला की सेल काढायचा. पुढं जाऊ द्यायचं नाही. गळ्यापर्यंत भरलेला सेल लवकर म्हातारा होतो, अगदी रिकामा झालेलाही होतो. उन्हात ठेवलेला तर नासतोच. वापरात नसलेले सेल अर्धे भरून गार पेटीत निजवायचे. प्रत्येकावर पहिल्या दिवसाची तारीख. बाकीच्या कचेऱ्यांत दोन वर्षांत फेकायला निघणारे सेल इथं सहा-सहा वर्षं चालत. पाहुणा आला की काका त्याला ती तारखांची रांग दाखवत, नातवंडांचे फोटो दाखवावेत तशी. काकांना नातवंडं नव्हती. मुलंही नव्हती. देवानं दिलं नाही ते त्यांनी कधी देवाकडे पुन्हा मागितलं नाही. जे हाती दिलं ते जपावं, एवढीच त्यांची भक्ती.

गेलेल्या माणसाला सगळे लंबू म्हणत. एवढा उंच, की बोगद्यात शिरताना मान तुकवावी लागायची. फळीपाशी उभा राहून तो चिडवायचा, "काका, तुमचे हे सेल एक दिवस मला पोचवून परत येतील बघा."

ते आठवलं आणि काकांनी चष्मा काढून ठेवला.

लंबूची बायको आली तेव्हा नऊ वाजत आले होते. ठेंगणी, सावळी, हातात रिकामी पिशवी. लंबूच्या शेजारी ती कशी दिसत असेल, असं काकांच्या मनात येऊन गेलं.

"काका ना तुम्ही?"

"ये पोरी. बस."

त्याचा डबा, जुने बूट, लोकरीची टोपी, एक कंगवा. काकांनी एकेक वस्तू टेबलावर ठेवली. तिने प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून पाहिली आणि पिशवीत ठेवली. कंगव्यात दोन केस होते. तो तिने पिशवीत न ठेवता मुठीत धरला.

"तुमच्याबद्दल लई बोलायचे घरी," ती म्हणाली. "म्हणायचे, काका सेलला लेकरासारखं जपतात. मला म्हणायचे, तू माझ्याकडं तेवढं बघत नाहीस."

काकांनी टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

"एक विचारू?"

"विचार."

"त्यांना अंघोळ घालताना मी बघितलं. उजव्या हाताची बोटं सोलली होती. शेंड्यांवरची कातडीच नव्हती. पडताना लागलं म्हणावं, तर डावा हात चांगला होता." तिने आपली उजव्या हाताची बोटं समोर धरली, जणू त्यांच्यावरच काही लिहिलेलं होतं. "साहेब म्हणतात, टॉर्च चालू होती, ह्यांचंच लक्ष नव्हतं. सासरेही आता तेच म्हणायला लागलेत, पहिल्यापासून धांदरटच होता म्हणून. काका, हातात उजेड असलेला माणूस भिंत कशाला चाचपडेल?"

खिडकीबाहेर पंप धडधडत होता. काकांनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"उजेड होता ना त्यांच्याजवळ? शेवटपर्यंत?"

हो म्हणणं किती सोपं होतं! एक अक्षर. तिलाही ते हवं होतं. तिचा चेहराच सांगत होता. आपला माणूस काळोखात गेला नाही, एवढं कळलं असतं तर तिची रात्रीची झोप तरी परत आली असती. आणि त्याच एका अक्षरानं काकांची बावीस वर्षंही जिथल्या तिथं राहिली असती. दया आणि भीती एकच शब्द सांगत होत्या, आणि कुणाचा आवाज कुठला, ते काकांना ओळखू येईना. त्यांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं.

ते उठले. फळीवरून एक टॉर्च घेतली, लंबूकडे होती तसलीच. सकाळीच लाल रेघेपर्यंत भरलेली एक जोडी चार्जरमधून काढली, टॉर्चमध्ये घातली, झाकण फिरवलं. टॉर्च टेबलावर आडवी ठेवली आणि बटण दाबलं. समोरच्या पत्र्यावर भाकरीएवढा पांढरा गोल उमटला.

"वेळ आहे तुझ्याकडं?"

"आता वेळच वेळ आहे."

"मग बघत बसू. तो बरोबर नऊला आत गेला होता."

भिंतीवरच्या घड्याळात नऊला एक मिनिट कमी होतं. तिने घड्याळ पाहिलं, मग गोल पाहिला.

सुरुवातीला काका बोलत राहिले. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास, मध्ये अर्धा तास तपासणी. दोन तासांचं काम. नेहमी दोघं जातात, त्या दिवशी जोडीदार तापानं पडला होता. बोगद्याच्या त्या टोकाला फोन आहे.

"अकराला दहा कमी असताना त्याचा फोन आला. मीच घेतला. म्हणाला, भिंतीला पाझर सुटलाय, मोजून घेतो आणि निघतो. मी म्हटलं, बरं."

"बरं म्हणालात."

"हो."

"कामाचे पक्के होते," ती म्हणाली. "घरात खिळा ठोकायचा तरी आधी दोरी लावून बघायचे."

दहा वाजले. साहेबांच्या शिपायानं डोकावून पाहिलं. टेबलावर दिवसाढवळ्या पेटलेली टॉर्च बघून तो म्हणाला, "काका, सूर्य पुरेना का?" मग त्याचं लक्ष तिच्याकडे गेलं आणि तो पाय न वाजवता परत फिरला. गोल तसाच होता, पहिल्या मिनिटाला होता तितकाच लख्ख. या टॉर्चचं तेच कौतुक. जुन्यांसारखी ती मिणमिणत नाही. शेवटपर्यंत सारखाच उजेड देते.

साडेदहाला काकांनी कागद पुढं ओढला. चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं. 'पूर्ण' या शब्दावर त्यांनी आडवी रेघ मारली, वर 'पाऊण' लिहिलं, आणि खाली सही केली. मग कागद तिच्याकडे वळवला.

तिने वाचला. दोनदा वाचला.

"कमी भरली होती?"

"मी नेहमीच कमी भरतो. त्यानं सेल टिकतात."

"त्यांना माहीत होतं?"

"होतं. म्हणून त्यानं..." काका थांबले. हे वाक्य त्यांनी साहेबांना सांगितलं नव्हतं, घरी बायकोलाही नाही. "म्हणून त्यानं जाताना दुसरी जोडी मागितली होती. खिशात असू दे म्हणाला. पेटीत वीस जोड्या होत्या. मी दिली नाही."

"का?"

काकांनी सांगून टाकलं.

"दोन तासांचं काम, कशाला हवी, म्हटलं. विश्रांतीतली जोडी उगाच काढून भरायची, म्हणजे तिचं आयुष्य कमी होतं."

बावीस वर्षं ते हे वाक्य रोज कुणाला ना कुणाला ऐकवत आले होते. आज पहिल्यांदा त्यांनी ते ऐकलं.

ती रडेल, ओरडेल, निदान उठून तरी जाईल, असं त्यांना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती मुठीतल्या कंगव्याच्या दातांवरून अंगठा फिरवत बसली होती. तेवढाच आवाज खोलीत.

अकरा वाजले. फोन येऊन गेल्याची वेळ टळली. आता तो पाझर मोजून, वही खिशात घालून, मान तुकवून परत निघाला असेल. दोघांच्याही मनात तेच चालू होतं, आणि दोघंही गोलाकडे बघत होते, जणू तो टिकला तर काही बदलणार होतं. काका चक्क मनात म्हणत होते, देवा, आजच्या दिवस जरा पुढं जाऊ दे. अकरा दहा. अकरा बारा. गोलानं दोनदा डोळे मिचकावल्यासारखं केलं.

"हे काय?"

"इशारा. दोन मिनिटं राहिली की देते."

"म्हणजे त्यांना कळलं असेल."

"कळलं असेल."

अकरा वाजून चौदा मिनिटांनी पत्र्यावरचा गोल गेला. मिणमिणला नाही, पिवळा पडला नाही. होता आणि नव्हता. खोलीत ऊन होतंच, त्यामुळे तसं काहीच बदललं नाही.

तिने हात पुढं करून बटण दाबलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं आणि अंगठा तसाच बटणावर ठेवला.

"इथून पुढं किती चालायचं होतं?"

"अर्धा तास. त्यातला बराच तो चालला. तोंडापासून सहाशे पावलांवर सापडला."

"भिंत धरून."

"भिंत धरून."

बाहेरून शिपायाची हाक आली, "काका, साहेब कागद मागतायत!" काकांनी टेबलावरचा कागद उचलला, उठायला खुर्ची मागं सरकवली.

"बसा काका," ती म्हणाली.

आवाजात राग नव्हता. असता तर काकांना तो ओळखता आला असता. ती उठली, दाराला आतून कडी घातली. मग खिडकीपाशी गेली, टाचा उंचावून वरची झडप ओढली, मग खालची. पत्र्याच्या फटीतून येणारी एक बारीक तिरीप तिने लंबूची लोकरीची टोपी खुपसून बंद केली.

"अजून अर्धा तास आहे," काळोखातून ती म्हणाली.

काका बसले. थोड्या वेळानं त्यांना भिंतीच्या पत्र्यावरून सरकणाऱ्या बोटांचा आवाज ऐकू यायला लागला.