कोळशाची रेघ

पंचवटीतल्या आमच्या घराला एक काचेचं कौल होतं. त्यातून पडलेला कवडसा फरशीवरून सरकत जायचा. मी सातपूरच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला होतो. जेवून जरा पडायचो. कवडसा कोळशाच्या रेघेला टेकला की माझी बायको मैना हाक मारायची, “अहो, उठा.” दिवसमान बदललं की ती नवी रेघ मारायची.

दिवाळीनंतर ती वारली. तिची शेवटची रेघ मी पुसू दिली नाही. कवडसा तिथं आला की मला तिचा आवाज ऐकू यायचा, “अहो, उठा.” मी उठून कामावर जायचो. पण माघ लागला तसा कवडसा तिथं अर्धा तास उशिरा यायला लागला. आता उशीर झाला तर काढून टाकू, असं साहेबांनी बजावलं.

मैनाची धाकटी बहीण कुसाबाई शेजारीच राहायची. ती म्हणाली, “दाजी, सूर्य सरकलाय. नवी रेघ मारा.”

“सूर्य नाही सरकत. पृथ्वी फिरते.”

“मग सांगा तिला, जरा लवकर फिर म्हणावं!”

आवाज बंद होईल, एवढीच मला भीती होती. तरी मी जुन्या रेघेच्या अलीकडे नवी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी कवडसा तिच्यावर आला. कुणी हाक मारली नाही. मी कुलूप लावून निघालो.

बसमध्ये जागा मिळाली. सातपूर जवळ आलं आणि माझ्या लक्षात आलं, आत्ता कवडसा जुन्या रेघेवर पोचला असेल. बंद घरात ती मला उठवत असेल.